पावसासाठी पोरगी : आफ्रिकी लेखिकांच्या कथा, आमचा कट्टा आणि एक अडचण

निंबोणी
साताऱ्यात आमच्या वाचनालयात दर गुरुवारी दुपारी बायकांचा वाचनकट्टा असतो. चौदा जणी, वयं ५२ ते ७८. एकीने वाचून दाखवायचं, मग चहा, मग गप्पा. या वर्षी मी आगाऊपणा करून आफ्रिकी लेखिकांच्या कथा घेतल्या. इंग्रजी पुस्तक मांडीवर ठेवायचं आणि तिथल्या तिथे मराठीत सांगत जायचं, असा प्रकार.

पहिल्या गुरुवारी इजिप्तच्या अलिफा रिफात यांची 'डिस्टंट व्ह्यू ऑफ अ मिनरेट' घेतली. नवऱ्याला जिचं काही पडलेलं नाही अशा बाईची चार-पाच पानांची कथा. त्यातले काही प्रसंग कसे सांगितले ते माझं मला माहीत. दुसऱ्या गुरुवारी बेसी हेड यांची 'लुकिंग फॉर अ रेन गॉड'. बोट्स्वानातलं एक कुटुंब दुष्काळात शेतावर जाऊन पावसाची वाट बघतं. आधी घरातल्या बायकांचा धीर सुटतो, रात्रभर आक्रोश. मग म्हाताऱ्याला आठवतं की फार पूर्वी पावसाचा एक देव होता आणि त्याला लेकरं लागायची. घरात दोन चिमुरड्या पोरी. दिवसभर चिंध्यांच्या बाहुल्यांना आईच्या आवाजात रागावत बसलेल्या. पुढचं लिहीत नाही. पाऊस पडत नाही तो नाहीच.

चहा तसाच राहिला. मग आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या काकू म्हणाल्या, "बाई, चांगलं वाचतेस तू. पण त्यांच्यात कुणी हसतच नाही का गं?"

तर दोन प्रश्न.
तिसऱ्या गुरुवारी कुठली कथा घेऊ? गोडमिट्ट नको, पण घरी जाताना जीव घाबरा होणार नाही अशी.
आणि दुसरा माझा स्वतःचा. या कथांमधल्या बायकांची श्रद्धा त्यांना तारते की तीच त्यांना बुडवते? मला दोन्ही दिसतं आणि मग काकूंना काय उत्तर द्यावं ते सुचत नाही.

जुना_खोडकर
पहिल्या गुरुवारी नवरा, दुसऱ्या गुरुवारी पोरी. तिसऱ्याला कट्टा रिकामा असणार, ताई. पु.लं.वर या. (हलकेच घ्या.)

मुक्ता_प
ताई, पावसाचीच दुसरी कथा घ्या. केनियाच्या ग्रेस ओगोट यांची 'द रेन केम'. १९६८ सालच्या 'लँड विदाउट थंडर' या संग्रहात आहे. बाई मुळात नर्स, सुईणीचंही शिक्षण घेतलेल्या, पुढे राजकारणात जाऊन सहायक मंत्री झाल्या.

इथेही दुष्काळ आणि बळी. लुओ लोकांच्या मुखियाला सांगण्यात येतं की तुझी एकुलती एक लेक ओगांडा तळ्यातल्या राक्षसाला दे, पाऊस येईल. घरातली मोठी माणसं कुजबुजताना दिसतात आणि पोरीला वाटतं, माझ्या लग्नाची बोलणी चाललीत! ती मनातल्या मनात मुलं मोजते, हा नको, तो नको, ओसिंडाच हवा. तिथे मी पुस्तक मिटून पाणी प्यायला उठले होते.

शेवट वेगळा आहे. ती एकटी तळ्याकडे चालत जाते, काठावर पोचते, आणि मागून येऊन तो ओसिंडा तिला ओढून नेतो. पूर्वजांच्या नजरेला आणि राक्षसाला दिसू नये म्हणून त्याने डहाळ्यांचा अंगरखा करून आणलेला असतो, तो तिच्या अंगावर घालतो. दोघं पळतात. आणि वीज चमकते, ढग भरून येतात, धो धो पाऊस.

तिरकस
म्हणजे बळी दिला तर पाऊस नाही, दिला नाही तर पाऊस. हिंदी सिनेमासारखी सोय झाली. बेसी हेडची कथा खरी वाटते कारण ती सोय करत नाही.

मुक्ता_प
@तिरकस, सोय नाही ती. पाऊस कुणामुळे आला हे ओगोट सांगतच नाहीत. गावाला वाटणार बळी पोचला. त्या दोघांना वाटणार देवाला बळी नकोच होता. राक्षस दिसतसुद्धा नाही. गावात परत जायची सोय मात्र कायमची संपली, कारण पोरगी जिवंत आहे हे कळलं तर आलेल्या पावसाचा हिशेब कसा लावायचा? मला तो पाऊस आनंदाचा वाटलाच नाही.

बेळगावचा_बाबू
आमच्याकडे कन्नडमध्ये 'केरेगे हार' नावाचं लोकगीत आहे. शाळेत कानडी मुलांच्या पुस्तकात होतं, शेजारणीकडून ऐकलेलं. गावचा गौडा तळं खोदतो, थेंबभर पाणी लागत नाही. ज्योतिषी म्हणतो, एक सून द्या. थोरल्या सुनांना द्यायचं तर काही ना काही आडवं येतं, मग धाकटी भागीरथी. ती माहेरी जाऊन येते. आईबापांना उघड काही सांगत नाही, मैत्रिणीला सांगते. तळ्यावर पूजा होते, सगळे परत निघतात, आणि सोन्याची वाटी तिथेच 'विसरते'. कुणीतरी परत जायला हवं. कोण जाणार? धाकटीच. एकेक पायरी, आणि पाणी पावलाला, गुडघ्याला, कमरेला, गळ्याला.

नवरा लष्करात असतो. परत येतो तेव्हा सगळं आटोपलेलं. तोही त्याच तळ्यात उडी घेतो.

ओसिंडा वेळेवर पोचला, आमचा महादेवराय उशिरा. एवढाच फरक.

शेवंता७२
ती विसरलेली वाटी वाचून काटा आला. कुणी ढकलत नाही, कुणी हात लावत नाही. नुसतं "अगं, वाटी राहिली" म्हणायचं.

अहमदनगरी
एरवी वाचून पुढे जातो, पण आज लिहितो.

मुक्ताताईंनी डहाळ्यांच्या अंगरख्याचं लिहिलं आणि मी थांबलोच. पारनेरकडचं आमचं गाव. पाऊस लांबला की धोंडी काढायचे. एका पोराला उघडं करून अंगभर कडुनिंबाचे डहाळे बांधायचे, इतके की आत पोरगं आहे की झाड ते कळू नये. घरोघर न्यायचं. "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणायचं आणि प्रत्येक घरची बाई त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतणार. वरून धान्य. मी दोनदा धोंडी झालोय. निंबाचा पाला ओला झाला की अंगाला खाजतो, कडू वास दोन दिवस जात नाही.

तेव्हा तो खेळ होता. आज पहिल्यांदा डोक्यात आलं की पाल्यात गुंडाळलेलं पोर पावसाच्या देवापुढे का नेत असतील. आणि तिकडे त्याच पाल्यात पोरीला देवापासून लपवलं.

माझा जन्म ७२च्या दुष्काळानंतरचा. पण आई खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, मिलो ज्वारीच्या भाकरी घशाखाली उतरायच्या नाहीत, हे सगळं ऐकत वाढलो. ती एकदाच म्हणाली होती की त्या वर्षी धोंडीच्या डोक्यावर ओतायलाही कुणाच्या घरात तांब्याभर पाणी नव्हतं.

निंबोणी
@अहमदनगरी, हे मी गुरुवारी वाचून दाखवू का? तुमची परवानगी असेल तरच.

अहमदनगरी
दाखवा की. उघडं पोर होतं एवढं गाळा.

गाबोरोनीकर
धाग्यावर यायला उशीर झाला, पण हे माझंच अंगण आहे. अकरा वर्षं बोट्स्वानात नोकरीला.

इथे पाऊस म्हणजे 'पुला'. आणि इथल्या नोटेवर लिहिलेलं असतं तेही पुला. १९७६मध्ये स्वतःचं चलन आणलं तेव्हा हेच नाव ठेवलं. सभा संपली, भाषण संपलं की लोक "पुला!" म्हणून ओरडतात, आपण जय म्हणावं तसं. पगार, पाऊस आणि आशीर्वाद तिन्हींना एकच शब्द, म्हणजे इथे पावसाची काय किंमत आहे बघा.

बेसी हेड जन्माने दक्षिण आफ्रिकेच्या. गोऱ्या आईची आणि काळ्या बापाची मुलगी. आईला मनोरुग्णालयात ठेवलेलं असताना १९३७मध्ये तिथेच जन्म. १९६४मध्ये मुलाला घेऊन इकडे सेरोवे गावी आल्या आणि १९८६मध्ये तिथेच गेल्या. नागरिकत्व मिळायला १९७९ उजाडलं. मी सेरोव्याच्या संग्रहालयात त्यांची कागदपत्रं आहेत म्हणून मुद्दाम गेलो होतो. गाव तसं पसरट, लाल माती, गवती छपरांची गोल घरं आता कमी झालीत, पत्रे वाढलेत.

त्या कथेबद्दल एक सांगतो, नाहीतर "तिकडे असंच करतात" असा समज होईल. कथेत पोलीस येतात, दोघा पुरुषांना फाशीची शिक्षा होते. आणि शेवटी लेखिका म्हणते की शेतीवर जगणाऱ्या सगळ्यांना मनातून ठाऊक होतं, आपणही त्या कुटुंबाच्या जागी असतो, केसाएवढं अंतर राहिलं होतं. चीड आहे, पण गावावर थुंकणं नाही.

काकूंना सांगा, बेसी हेड हसवतही नाहीत, पण आशा बघायची असेल तर 'द कलेक्टर ऑफ ट्रेझर्स' वाचा. दिकेलेदी नावाची बाई. नावाचा अर्थच अश्रू. नवरा दुसरीकडे नांदतो, पोरांच्या शाळेचे पैसे मागितले तर उलट तिच्यावरच आळ घेतो. ती त्याला मारते. कसं मारते ते कट्ट्यावर सांगायचं की नाही तुम्ही ठरवा. तुरुंगात जाते तर वॉर्डन म्हणते, याच गुन्ह्याच्या चौघी आधीच आहेत, सोबत मिळेल.

पण कथा खरी तिच्या हातांची आहे. शिवण, विणकाम, टोपल्या, छप्पर शाकारणं. हिने शाकारलेलं छप्पर गळत नाही अशी तिची ख्याती. गावात जे चांगुलपणाचे तुकडे सापडले ते ती गोळा करत गेली, तेच ट्रेझर्स. आणि शेजारचा पॉल तिच्या मुलांना वाढवायचा, शिकवायचा शब्द देतो. पुरुषांच्या बाजूने एवढं तरी पडलं.

जुना_खोडकर
कसं मारते ते मला खाजगी निरोपात कळवा. बायकोच्या हातात मोबाईल द्यायचा की नाही ते ठरवतो.

तिरकस
वरचं छानच. पण ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात घालत नाहीये. माझं मत सरळ आहे. या बायकांची श्रद्धा ही गुंगी आहे. रिफातच्या कथेत बघा. नवरा तिच्याकडे ढुंकून बघत नाही, आणि बाई काय करते? उठून नमाज पढते. जिथून दाबलं जातंय तिथेच माथा टेकायचा.

मिरजवाली
@तिरकस, मी पाच वेळची नमाजी आहे, तेव्हा जरा ऐका.

तुम्ही कथा मौलवीच्या आणि नास्तिकाच्या मधल्या भांडणासारखी वाचलीत. एकदा बाईच्या घड्याळाने वाचा. दिवसभर तिचं असं काय आहे? शरीर नवऱ्याच्या वेळेवर, चहापाणी नवऱ्याच्या वेळेवर. अजान होते, ती उठते, अंघोळ करते, नमाजाला उभी राहते. ती दहा मिनिटं तिला कुणी हाक मारू शकत नाही. माझी अम्मी जानमाजवर उभी असली की घरात अब्बासुद्धा आवाज द्यायचे नाहीत. एकत्र कुटुंबातल्या बाईला विचारा त्या दहा मिनिटांची किंमत.

आणि त्या खिडकीचं विसरू नका. पूर्वी तिथून अख्खं कैरो दिसायचं. मग इमारती उठत गेल्या आणि आता दोन भिंतींच्या फटीतून एकच मिनार दिसतो. तेवढाच उरलाय.

नमाजानंतर ती कॉफी करून आणते. नवरा मेलेला. मुलाला सांगते, डॉक्टरला बोलाव. मग बसते, स्वतःसाठी कॉफी ओतते, आणि आपण इतक्या शांत कशा याचं तिलाच नवल वाटतं. गुंगीतल्या माणसाला नवल वाटत नाही.

अलिफा रिफात स्वतः धर्म मानणाऱ्या होत्या. त्यांचं भांडण धर्माशी नव्हतंच. धर्माने नवऱ्याला जे करायला सांगितलंय ते तो करत नाही, ही त्यांची तक्रार. त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याने लिहिणं बंद करायला लावलं होतं, वर्षानुवर्षं काही छापलं नाही. 'अलिफा' हे सुद्धा घेतलेलं नाव, खरं नाव फातमा.

शेवंता७२
+१ मिरजवाली. आमच्या सासूबाईंची पोथी म्हणजे हेच. तासभर पोथी चालायची आणि मी लग्नानंतर दोन वर्षांनी पाहिलं, पान उलटतच नव्हतं.

तिरकस
घड्याळाचा मुद्दा मान्य, मी तसं वाचलं नव्हतं. पण नमाजाची दहा मिनिटं आणि पावसासाठीच्या दोन पोरी, दोन्हीला श्रद्धाच म्हणायचं का?

गाबोरोनीकर
बेसी हेडचीच 'हेवन इज नॉट क्लोज्ड' इथे बसते बघा. गालेथेबेगे नावाची भाविक ख्रिस्ती मुलगी. तिचं लग्न ठरतं रालोकाएशी. तो म्हणतो, लग्न आपल्या त्स्वाना रीतीने करायचं, चर्चमध्ये येणार नाही. मिशनरीकडे परवानगी मागायला जाते, तर तो तिलाच चर्चबाहेर काढतो. न मानणाऱ्यांना स्वर्ग बंद म्हणे. ती लग्न करते, संसार करते आणि नव्वदीच्या घरात मरेपर्यंत प्रार्थना करत राहते. चर्चने दार लावलं, हिने देव सोडला नाही. देवळाची मालकी एकाची आणि देव दुसऱ्याचा, असं काहीतरी.

अहमदनगरी
हे तर आपल्याला पंढरपुरात जाऊन बघता येतं. महाद्वारासमोरची चोखोबांची समाधी. आत सोडलं नाही, पण अभंग कुणाला अडवता आले? सोयराबाईंचेही आहेतच.

कोकणस्थ_पण_गरीब
एकंदरीत काय, आफ्रिकेत बायकांचे हालच हाल.

मुक्ता_प
ऑ? पन्नासाहून जास्त देशांचा खंड आहे तो. कैरोतली फ्लॅटमधली बाई आणि सेरोव्याची शेतकरीण यांच्यात तुमच्या चिपळूण-ताश्कंदपेक्षा जास्त अंतर असेल. नायजेरियाच्या लेखिका चिमामांडा अदिची यांचं २००९चं भाषण ऐका, एकाच गोष्टीवरून अख्खा मुलूख ओळखला असं समजण्यातला धोका म्हणजे काय ते. लागोसच्या कुणी हुंडाबळीच्या दोन मराठी कथा वाचल्या आणि म्हणाली "एकंदरीत काय, महाराष्ट्रात रॉकेलच रॉकेल", तर?

कोकणस्थ_पण_गरीब
मान्य. शब्द मागे. चिपळूणला मध्ये आणू नका.

दादरकर_९३
अदिचींची 'अ प्रायव्हेट एक्स्पिरियन्स' कुणी वाचली आहे का? नायजेरियातल्या कानो शहरात दंगल. वैद्यकीची एक ख्रिस्ती विद्यार्थिनी आणि कांदे विकणारी एक मुसलमान बाई एका बंद दुकानात लपतात. बाई आपलं वस्त्र जमिनीवर अंथरते, बस म्हणते. मग लाजत विचारते, मूल अंगावर पितंय, स्तनाग्रं फार जळतात, काय करू? बाहेर माणसं मरताहेत आणि आत तपासणी चाललीय.

मी जानेवारी ९३ मध्ये एका बंद रेशन दुकानात सहा तास काढलेत, अनोळखी कुटुंबाबरोबर. त्या बाईंनी मला विचारलं होतं, गहू निवडायला येतात का? अंधारात आम्ही गहू निवडले. नाव शेवटपर्यंत एकमेकींना विचारलं नाही, मुद्दामच.

शेवंता७२
(यावर काही लिहिता येत नाही, पण वाचलं एवढं कळावं म्हणून.)

सुईण_एमडी
निंबोणीताई, तिसऱ्या गुरुवारसाठी माझ्याकडे औषध आहे. घानाच्या आमा आता आयडू यांची 'द मेसेज', 'नो स्वीटनेस हिअर' या १९७०च्या संग्रहातली. त्या संग्रहाचं नाव बघून घाबरू नका. (शीर्षककथा मात्र कट्ट्यावर घेऊ नका. त्यात एकुलता एक मुलगा साप चावून जातो.)

'द मेसेज'ची सुरुवातच बायकांच्या कुजबुजीने. निवेदन नाही, नुसते संवाद. "ऐकलंस का?" "काय गं?" "तिला उघडलं म्हणे." "उघडलं?" "हो, आणि मूल काढलं." खेड्यातल्या एका म्हातारीची नात केप कोस्टच्या इस्पितळात आहे, तिचं सिझेरियन झालंय. पण म्हातारीच्या हिशेबात पोट फाडलेलं माणूस मेलेलंच. ती लॉरीत बसून नातीचं प्रेत आणायला निघते. लॉरीतले लोक, इस्पितळातल्या तोऱ्यातल्या नर्सबाई, आणि ही आपली प्रेत मागतेय. शेवटी बघते तर नात जिवंत, आणि कुशीत जुळी.

मी तालुक्याला प्रॅक्टिस करते. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक आजी आली होती, नऊवारी खोचलेली, काखेत गाठोडं. सुनेचं सिझर मी नुकतंच आटोपलेलं. मला म्हणाली, "बया, फाडलीस ती फाडलीस, आता निदान शिवून दे. उघडी नेऊ नको म्हणत्यात." गाठोड्यात हिरवं लुगडं होतं. सवाष्ण गेली तर नेसवायचं म्हणून. सून खाटेवर बसून बिस्कीट खात होती. आजी तिला बघून आधी रडली नाही, हसली नाही. चिडली. "आन मला कुणी सांगितलं न्हाई!"

ते लुगडं सून बारशाला नेसली.

निंबोणी
हीच. शंभर टक्के हीच.

पण डॉक्टर, ते 'उघडलं' मराठीत जमेना. 'पोट फाडलं' म्हटलं की रक्त दिसतं. 'सिझर' म्हटलं की सगळ्यांना कळतं आणि मग गंमतच संपते.

जुना_खोडकर
'चिरलं'?

बेळगावचा_बाबू
भाजी आहे का ती? 'उघडलं'च ठेवा. ऐकणारीला क्षणभर कळू नये हेच तर हवंय. म्हातारीलाही कळलेलं नाही.

सुईण_एमडी
बाबूंशी सहमत. आणि संवाद भरभर वाचा, दोन बायका नळावर बोलताहेत तसं. शक्य असेल तर दोघींनी मिळून वाचा.

निंबोणी
(आठ दिवसांनी)

झाला गुरुवार. सुरुवात मी आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एका मैत्रिणीने मिळून वाचली. "उघडलं म्हणे" ला दोघी-तिघी पुढे सरकून बसल्या. लॉरीच्या प्रसंगापर्यंत काकूंनी पदर तोंडाला लावलेला. जुळी निघाली तेव्हा त्या असल्या हसल्या की ठसका लागला. मग त्यांनी स्वतःच्या धाकट्या जावेची गोष्ट सांगितली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. मग आणखी दोघींनी. सव्वासहाला वाचनालयाच्या शिपायाने दिवे घालवले.

धोंडीचंही वाचलं. माण तालुक्यातल्या एक जण म्हणाल्या, आमच्यात पोरीला नाही बांधत, पोरालाच. का ते कुणालाच सांगता आलं नाही.

श्रद्धेचा प्रश्न मी काढलाच नाही. निघताना काकूंनी दारात थांबवून एवढंच विचारलं, "त्या जुळ्यांची नावं काय ठेवली गं?" मी म्हटलं, कथेत नाहीत. त्यांना ते काही पटलं नाही. बारसं न करता गोष्ट संपवते म्हणजे काय, म्हणाल्या.

मुक्ता_प
ताई, नावाचं उत्तर अर्धं मिळेल. तिकडच्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव पडतं, आमा म्हणजे शनिवारची मुलगी. आणि 'आता' म्हणजे जुळं. लेखिका स्वतःच जुळी होती, बरोबर भाऊ होता. तेव्हा त्या दोन पोरांच्या नावात 'आता' येणारच.

जुना_खोडकर
म्हणजे एकीचं आता, दुसऱ्याचंही आता. नंतर कुणीच नाही. बरं आहे.

निंबोणी
काकूंना आत्ताच फोन लावते.